कडू अंगारा आणि विहिरीची धाव

भामाबाईने उभा जन्म मेंढरांमागे चालून काढला. शिरूरहून कोकण आणि कोकणातून शिरूर. तिची लेक धुरपदा घाटाच्या पायथ्याशी बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी तान्हे पाटीत घालून कळपाच्या पुढे निघाली. धुरपदेची लेक रंभा. तिच्या काळी मेंढरे घटली, थोडी कोरडवाहू जमीन आली, तरी तिने मरेपर्यंत एस.टी.चे तिकीट काढले नाही. या रंभेची लेक म्हाळसा मात्र वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बाजेवर बसली, ती उठेना.

तिचे सासर दौंड तालुक्यात, पाटसच्या अलीकडच्या वस्तीवर. मुलगा साखर कारखान्यात, दारात मोटारसायकल, हाताखाली सून. सुखानेच तिला बसवले. आधी गुडघे धरले, मग अंग सुटले, मग मनाने घेतले की उठले तर पडेन. दौंडच्या डॉक्टर अपेक्षाबाईंनी तपासून सांगितले होते की दुखते गुडघ्यात, पण जोर हवा मांडीत. रोज व्यायाम करा. त्यांनी चित्रांचा कागदही दिला. तो कागद पत्र्याच्या डब्यात गेला आणि त्यावर पापड रचले गेले.

शेजारच्या मळ्याची मालकीण साखरबाई तिला पाहायला आली, ती सत्त्याण्णव सालची गोष्ट. साखरबाई सत्तरीला टेकलेली, साठ एकरांची धनीण, जीभ विळ्यासारखी. सून म्हाळसाला दोन्ही काखांत हात घालून मोरीकडे नेत होती, ते तिने दारातच उभे राहून पाहिले.

"म्हाळसे, तुझी पणजी पायी कोकणात जायची आन् तुला मोरी लांब पडती. आमची भाकड म्हैस बरी. ती बाजारात इकता तरी येती."

म्हाळसा रडली. सून डॉक्टरबाईंच्या कागदाबद्दल बोलली, तसा साखरबाईने तो डब्यातून काढवून घेतला, तिच्याकडून दोनदा वाचून घेतला आणि दुसऱ्या सकाळी म्हाळसाला बैलगाडीत घालून आपल्या जुन्या विहिरीवर आणले. मोटेचे बैल ज्या उतारावरून पुढे जात आणि चढ चढताना पाठमोरे परत येत, ती धाव अजून शाबूत होती. कडेला हात धरायला दगडी भिंत होती. साखरबाईने फर्मावले की बैलाने केले तेच करायचे: उतरताना पुढे, चढताना मागे. पहिल्या दिवशी दोनच फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीत म्हाळसा भिंतीला डोके टेकून हुंदके देऊ लागली, तेव्हा दगडावर बसलेल्या साखरबाईने ऊस सोलता सोलता म्हटले, "रडायचं तर चालत रड."

नऊ महिने हे चालले. साखरबाईने एकही सकाळ चुकवली नाही आणि एकही फेरी माफ केली नाही. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या वीस. भिंतीचा हात सुटला. पुढच्या उन्हाळ्यात म्हाळसा यवतच्या बाजाराला पायी गेली आणि पायी आली. तिने साखरबाईच्या पायांवर डोके ठेवले आणि म्हणाली की हे ऋण मी फेडीन. साखरबाईने पाय मागे घेतले. तुझ्याकडे काय हाय फेडायला, दोन पाय, तेबी मीच दिल्यालं, असे म्हणून ती घरात निघून गेली.

दोन वर्षांनी पाटसच्या रस्त्याला काठीबाबा अवतरला.

पत्र्याची शेड, मधोमध धुनी आणि धुनीच्या शेजारी मोडक्या काठ्यांचा पुरुषभर ढीग. दर सोमवारी तिथे मुंगीला वाट मिळत नसे. लंगडत येणारा चौथ्या सोमवारी ताठ चालत येई आणि बाया पदर पसरून त्याच्या पावलाखालची माती घेत. बाबाचे प्रवचन ठरलेले होते. देवाने माणसाला पाय दोन दिले, तिसरा पाय कलीने दिला, त्याचेच नाव काठी! मग तो भक्ताची काठी मांडीवर मोडी आणि कमरेच्या थैलीतून चिमूटभर अंगारा त्याच्या जिभेवर ठेवी. आठवड्याच्या पुड्या वेगळ्या बांधून मिळत. अंगारा कडू लागतो, अशी कुणी कुरकुर केलीच, तर बाबा डोळे मिटून हसे. अंगारा कडू नसतो रे बाळा, तुझे पाप कडू असते. पुडी बंद केल्यावर दुखणे दुपटीने उसळले, तर तो देवाचा कोप. ऊसतोडीचा मुकादम हौशीराम याला मधुमेह होता. अंगाऱ्याने त्याच्या गुडघ्यांची कळ थांबली आणि तहान सुरू झाली. कळशीभर पाणी पिऊनही घसा कोरडाच. महिन्याभरात तो बेशुद्ध पडून मेला. बाबाने त्याच्या विधवेला भर सभेत सांगितले की त्याने काठी मोडली होती हातातली. मनातली मोडली नव्हती. विधवेने मान खाली घातली आणि लोकांनी माना डोलावल्या.

साखरबाईचे गुडघेही एव्हाना दुखू लागले होते. दुसऱ्यांना धावेवर जुंपणाऱ्या बाईने स्वतः मात्र कधी एक फेरी मारली नव्हती. काठी टेकत गावातून जाणे तिच्या मानाला सोसेना. ती बाबाकडे गेली, काठी मोडून आली आणि पंधरा दिवसांत ताठ चालू लागली. गाल भरले, रंग लाल झाला. लोक म्हणाले, काय तेज चढले! बाबाने तिला आपल्या शेजारी पाटावर बसवायला सुरुवात केली. साठ एकरांची धनीण पाटावर बसली की ढीग आपोआप वाढतो. म्हाळसाने एकदा धावेचा विषय काढला, तेव्हा साखरबाईने चारचौघींत उत्तर दिले की बैलाचा धंदा बैलांनी करावा.

म्हाळसाने तो घाव गिळला. पण एका सोमवारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरताना साखरबाईचा तोल गेला, म्हाळसाने तिला सावरले आणि तिचा हात सवयीने कण्यावर पडला. रंभेने तिला लहानपणीच शिकवले होते की मेंढरू डोळ्यांनी घेऊ नये. लोकर फसवते. कण्यावर बोट ठेवावे, फऱ्याच्या मांसावर मूठ आवळावी. जबड्याखाली फुगवटा असेल आणि कण्याला धार लागली असेल, तर ते मेंढरू फुकट मिळाले तरी घेऊ नये. साखरबाईचा कणा करवतीसारखा लागत होता. दंड रिकाम्या पोत्यासारखा हाती आला आणि जिथे बोटे रुतली, तिथे निळे डाग उमटले.

"आक्का, ह्यो पुष्टपणा न्हाई. मेंढराला असं झालं तर त्ये पावसाळा काढंल आसं आम्ही धरत न्हाई."

साखरबाईने तिच्या थोबाडीत मारली. माणसांसमोर, ट्रॉलीपाशी.

म्हाळसा तशीच दौंडला गेली. हौशीरामच्या विधवेकडून मागून घेतलेली पुडी तिने डॉक्टरबाईंपुढे ठेवली. वीस दिवसांनी पुण्याहून तपासणीचा कागद आला. राखेत स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून मिसळल्या होत्या. डॉक्टरबाईंनी सोपे करून सांगितले. हे औषध वेदना झाकते. म्हणून माणूस चालतो. ते अंगात पाणी साठवते, चेहरा फुगवते. त्याला लोक तेज म्हणतात. आतून मात्र ते मांडीचे मांस खाते, हाड पोखरते, आणि मधुमेह्याची साखर इतकी चढवते की जीव जातो. एकदम बंद केले तर शरीर कोसळते; तोच देवाचा कोप. योग्य रोग्याला, मोजून, देखरेखीखाली दिले तर तेच औषध जीवही वाचवते.

"कागद मी दाखवीन," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण माझे कागद पापडाखाली जातात, म्हाळसाबाई."

म्हाळसा मान खाली घालून हसली. कागदाची गरज पडणार नाही, असे ती म्हणाली.

पुढच्या सोमवारी डॉक्टरबाई पोलिसांसह गर्दीच्या मागे उभ्या राहिल्या. म्हाळसा सरळ धुनीपाशी गेली, कडेची निवलेली राख चिमटीत घेतली आणि चाखली. मग तिने तीच राख पाटावर बसलेल्या साखरबाईपुढे धरली.

"आक्का, चाखा. धुनी त्येंचीच हाय."

साखरबाईने राख जिभेवर ठेवली. तिला काय लागले ते तिच्या तोंडावर दिसत होते. पण बोलणे म्हणजे साऱ्या तालुक्यासमोर स्वतःला मूर्ख म्हणवून घेणे होते. तिने पाटाच्या कडेला बोटे रुतवली.

"फिक्का हाय," ती अखेर म्हणाली. "थैलीतला कडू. ह्यो फिक्का."

"मग आक्काचं पाप धुनीपाशी कुठं गेलं, बाबा?" म्हाळसाने विचारले.

बाबा गडबडला नाही. धुनीतला अंगारा कच्चा, थैलीतला मंतरलेला, असे त्याने समजावले.

"मंतरा की मग. हितंच. राख धुनीतली, मंत्र तुमचा, जीभ आमची."

त्याने पाव तास मंत्र म्हटला. घाम पुसला, डोळे फिरवले, पुन्हा म्हटला. साखरबाईने पुन्हा चाखले आणि मान हलवली. मागून कुणीतरी म्हणाले की बाबा, मीठ तरी टाका. गर्दी हसली आणि त्या हसण्यातच बाबा संपला. शेडच्या मागे पोलिसांना एक मिक्सर आणि हजार-हजार गोळ्यांचे रिकामे डबे सापडले.

लोक बाबाला मारायला धावतील, असे पोलिसांना वाटले होते. लोक काठ्यांच्या ढिगाकडे धावले. म्हातारेकोतारे गुडघ्यांवर रांगत आपापली काठी शोधू लागले, तुकड्याला तुकडा जुळवून पाहू लागले. अखंड काठी एकही नव्हती. पाटावरच्या साखरबाईला उठता येईना आणि तिला उठवायला कुणी थांबले नाही. तिच्या पाटाकडे पाहून ज्यांनी काठ्या मोडल्या होत्या, ते तिच्याकडे न बघता गेले.

डॉक्टरबाईंनी तिचे औषध हळूहळू, महिन्यांच्या हिशेबाने उतरवले. चालायला हरकत नाही, असे त्यांनी ज्या दिवशी सांगितले, त्याच्या दुसऱ्या सकाळी म्हाळसा बैलगाडी घेऊन साखरबाईच्या दारात उभी राहिली. धनीण बाजेवर होती. चेहरा ओसरला होता आणि कातडी लोंबत होती.

"आक्का, तुमचं साठ एकर आन् तुमाला मोरी लांब पडती. आमची रोगट मेंढी बरी. तिची कातडी तरी कामाला येती."

साखरबाईच्या सुना चपापल्या. साखरबाईने मात्र हात पुढे केला.

पहिल्या दिवशी दोन फेऱ्या झाल्या. दुसरीत तिने दगडी भिंतीला डोके टेकले. तिचे खांदे हलत होते. म्हाळसा दगडावर बसून ऊस सोलत होती.

"रडायचं तर चालत रडा."

देव मानावा की न मानावा, हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु आपल्या जिभेवर जे ठेवले जाते ते काय आहे, हे विचारण्यात पाप नाही. न विचारण्याची किंमत हौशीरामच्या घरी जाऊन पाहावी. आणि चार दिवसांत पाय देणारा भेटला, तर त्याच्या थैलीत हात घालून पाहावा. पाय नऊ महिन्यांनी येतात, रोजच्या फेऱ्यांनी येतात, आणि ज्याचे त्यालाच चालावे लागते.

म्हाळसाने एकही सकाळ चुकवली नाही आणि एकही फेरी माफ केली नाही. नऊ महिन्यांनी दोघी यवतच्या बाजाराला पायी निघाल्या. साखरबाईच्या हातात नवी काठी होती आणि ती सर्वांच्या देखत टेकत होती. बाजाराच्या तोंडाशी पोचल्यावर तिने थांबून श्वास घेतला, चाललेल्या रस्त्याकडे वळून पाहिले आणि म्हाळसाकडे न बघता म्हणाली, "फिटलं."