टेलरकाकांचं बोलणं

सामान्य माणसालाही नेटवर्क वापरता यावं म्हणून सरकारने सार्वजनिक वाचनालयाला एक कॉम्प्युटर दिला. मंत्र्यांनी फीत कापली, फोटो निघाले आणि ग्रंथपालबाईंच्या डोक्याला कायमचा ताप झाला.

कॉम्प्युटर शिक्षण खात्याचा, तार टेलिफोन खात्याची. दोघांना जोडणारा मोडेम आमच्या मंजुरीचा नाही, म्हणून टेलिफोनवाल्यांनी हात वर केले. ते कसंबसं मिटलं, तर टपाल खातं अडून बसलं. निरोप पोहोचवणं आमचं काम. लोकांनी तिथे फक्त माहिती वाचावी! बाई फोन करून करून थकल्या. प्रत्येक साहेब दुसऱ्याच साहेबाचा नंबर द्यायचा.

वाचनालयासमोर टेलरकाकांचं दुकान होतं. आजारपणात त्यांचे दोन्ही कान गेले होते. एकुलती एक लेक दूरच्या विद्यापीठात शिकायला गेलेली. फोनचा काकांना उपयोग नव्हता, आणि पत्राचं उत्तर येईपर्यंत आपण काय विचारलं होतं तेच ते विसरायचे. लेकीच्या विद्यापीठात नेटवर्क आहे हे कळलं, तेव्हा बाईंनी नियम धाब्यावर बसवला. पत्राने वेळ ठरवून काकांना कॉम्प्युटरसमोर बसवलं.

पडद्यावर अक्षरं उमटली : ‘बाबा, आहात ना?’

काकांनी मान डोलावली.

“अहो काका, मान तिला कशी दिसणार? लिहा!” बाईंनी कीबोर्ड पुढे सरकवला. काका एकेक अक्षर शोधून दाबू लागले. बघणाऱ्याचाच जीव जात होता. तरी लेक भराभर लिहीत राहिली आणि काका गालातल्या गालात हसत राहिले.

नेमके तेव्हाच टपाल खात्याचे तपासनीस दारात उभे. “बाई, हा खासगी पत्रव्यवहार आहे.”

“पत्र कसलं? बोलतायत ते.”

“बोलायला टेलिफोन आहे.”

“त्यांना ऐकू येत नाही, साहेब!”

“मग समाजकल्याण खात्याकडे अर्ज करा.”

बाईंनी कपाळावर हात मारला. “आता तेवढंच खातं राहिलं होतं! हे तुम्हीच सांगा त्यांना.”

तपासनिसांनी सांगितलं. मग ओरडून सांगितलं. हातवारे केले. काका नम्रपणे बघत राहिले आणि शेवटी त्यांनी कीबोर्डकडे बोट दाखवलं. वैतागलेल्या साहेबांनी टाइप केलं : ‘हे बंद करा. मी टपाल खात्यातून आलोय.’

क्षणात उत्तर आलं : ‘नमस्कार काका. बाबांचा ठसका थांबला का हो? मला ते खरं सांगत नाहीत.’

साहेबांनी काकांकडे पाहिलं. काका घाईघाईने नाही-नाही करत होते आणि तेवढ्यात त्यांना ठसका लागला.

‘अजून आहे,’ साहेबांनी लिहिलं.

“झालं? पाठवलात ना निरोप!” बाई म्हणाल्या.

साहेब निघून गेले. पुढे खात्याचा हुकूम आला : ज्यांना ऐकू येत नाही त्यांना परवानगी, तीही आठवड्यातून अर्धा तास.

काका खूश झाले. बाई मात्र भडकल्या. बोटीवरच्या नवऱ्याशी बोलायचं म्हणून एक शिक्षिका रोज विचारायला यायची, आणि तिचे कान ठणठणीत होते. बाईंनी पुन्हा टेलिफोन उचलला.

“साहेब जेवायला गेलेत,” पलीकडून उत्तर आलं.

“जेवू देत,” बाई म्हणाल्या, “मी थांबते.”