नकाशावरचं गिरीज

ऋतिकाने फळ्यावरच्या नकाशाला बोट लावलं आणि वर्गात एक म्हातारा खोकला.

खोकून झाल्यावर तो बोलायला लागला. खाडीचं पानी भातात शिरलं की बांधाला माती कशी चोपायची, रात्रभर कोन कोन जागायचं, सगळं. तिसऱ्या बाकावरचा अल्पेश मान खाली घालून हसत होता. कोणीतरी म्हणालं, "अरे, नथूआजोबा ना हे? तुझ्या फोनवर ओरडतात तेच!" सगळा वर्ग हसला. ऋतिकाही हसली. तिने दुसरीकडे बोट लावलं, तिथून एक बाई लग्नातल्या हळदीचं काहीतरी सांगू लागली, आणि एक्केचाळीस मुलं पुढे वाकून ऐकू लागली.

मी मागच्या दाराशी उभी होते. नऊ महिन्यांनी कॉलेजात आले होते. हा पेपर माझा होता. लोकसाहित्य आणि बोली, द्वितीय वर्ष कला. चार वर्षं मी तो शिकवला. माझ्या वर्गात मुलं नोट्स उतरवून घ्यायची, आणि "काही शंका?" म्हटलं की पंख्याकडे बघायची. मी धरून चालले होते की या विषयात मुलांना शंका येतच नाहीत.

माझ्या लेकीच्या, तेजूच्या वेळी मी सुट्टी घेतली, म्हणजे घरी बसले. आम्ही तासिका तत्त्वावरच्या. आमच्या सुट्टीला सुट्टी म्हणत नाहीत, नुसतं नाव काढतात. वसुंधरामॅडमनी, आमच्या विभागप्रमुखांनी, तो पेपर ऋतिकाला दिला. ऋतिका सव्वीस वर्षांची, तुळिंजची. तिच्याकडे व्याकरणाचा पेपर आधीपासून होता. माझ्याकडे हा एकच. तो परत मिळाला नाही, तर पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात माझं नाव नसणार होतं. शनिवारी विभागाची बैठक होती आणि त्यात ते ठरणार होतं.

"स्वप्ना, तू आलीच आहेस तर तिला थोडी मदत कर," वसुंधरामॅडम म्हणाल्या. "असाइनमेंट तपासायच्यात. अर्ध्या तू घे."

असाइनमेंट अशी होती: आपल्या किंवा शेजारच्या घरातल्या एका मोठ्या माणसाला बोलतं करायचं, तीन मिनिटं रेकॉर्ड करायचं, खाली ते जसंच्या तसं लिहायचं, आणि आवाज वसई तालुक्याच्या नकाशावर आपल्या गावावर टाकायचा, म्हणजे वर्गातल्या डिजिटल फळ्यावर त्या गावाला बोट लावलं की तो वाजतो. सगळं गूगल क्लासरूमवर. माझ्या वाट्याला वीस आवाज आले होते. मी एक्केचाळीस ऐकले.

ऐकायची माझी जागा म्हणजे भूगोल विभागाची सामानाची खोली. दुपारच्या सुट्टीत तिथे मी आतून कडी लावून तेजूसाठी दूध काढायचे. एका बाजूला पृथ्वीगोल, एका बाजूला गुंडाळलेले नकाशे, मध्ये मी आणि घरघर करणारा पंप. एका कानात हेडफोन. कोण कुठल्या गावचं ते मला नाव न बघता कळायचं. हा अर्नाळ्याचा, ही आगाशीची, ही आमच्याकडची. पंपापेक्षा जोरात काहीतरी आत ओढलं जायचं. हे सगळं मला येतं. मी गिरीजची. केळीच्या वाडीत वाढले, ह्याच बोलीत रडले, ह्याच बोलीत मार खाल्ला. आणि ही तुळिंजच्या चौथ्या मजल्यावरची मुलगी येते, एक नकाशा लावते, आणि माझ्या गावची माणसं तिला सगळं सांगतात.

माझी बोली मी अकरावीला कॉलेजच्या दारात सोडली, ती परत आत आणली नाही. परेशला, माझ्या नवऱ्यालाही, ती लग्नानंतर दोन वर्षांनी कळली. मी आईशी फोनवर भांडत होते तेव्हा. "तू कोणाशी बोलत होतीस?" त्याने विचारलं होतं.

असाइनमेंटच्या सूचना मी तिसऱ्यांदा वाचत होते, खोट सापडावी म्हणून. आणि सापडली. पहिलीच सूचना. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला बोलणाऱ्याची परवानगी त्याच्याच आवाजात हवी, नसेल तर तो आवाज नकाशावर जाणार नाही. ऋतिकाने स्वतः लिहिलेली. तोवर ऐकलेले सगळे आवाज मी परत सुरुवातीपासून लावले. अकरा जणांत परवानगी नव्हती. थेट बोलणंच सुरू. मी वहीत अकरा नावं लिहिली. अक्षर छान आलं होतं.

बारावी रीमा. ही मुलगी आमच्याच वाडीच्या पलीकडची, गिरीजची. तिचं रेकॉर्डिंग मी अजून ऐकलं नव्हतं, मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. लावलं तर आधी एक बाळ खिदळलं. ते खिदळणं मी कुठेही ओळखलं असतं. मी हात पंपावरून काढला.

मग माझी आई.

"मी परनून आले तवा ही येवढी विहीर नव्हती. पानी लांबून आनायचं. आमची सासू म्हनायची, घागर बोलली पायजे, मंग समजायचं भरली..." तेजू मध्येच काहीतरी बडबडली. आई तिला म्हणाली, "हां गो बाय, तुला पन सांगते." मग रीमाला म्हणाली, "माजी पोर लय शिकली. कालेजात शिकवते. तिच्यासमोर मी कमीच बोलते. चुका काढते ना ती. ही बारकी बरी, हिला सगला सांगते मी. ही काय चुका काढनार?" आणि आई हसली. घागरीसारखीच, भरून.

तीन मिनिटं संपली. मी परत लावलं. माझ्या आईने घागरीचं मला कधी सांगितलं नव्हतं. लोकसाहित्यात माझी पदव्युत्तर पदवी आहे. मी तिला कधी विचारलं नव्हतं, हेही खरं. पण त्या क्षणी मला एवढंच वाटलं, की रीमाला सांगितलं, तेजूला सांगितलं, फळ्यावर बोट लावून ऋतिकाने ऐकलं, आणि मी हे एका कानात ऐकतेय. परवानगी नव्हती. मी वहीत बारावं नाव लिहिलं.

संध्याकाळी तेजूला घ्यायला गिरीजला गेले. आई ओट्यावर बसून तिला केळं भरवत होती. मला बघितल्यावर तिने पदर सारखा केला आणि तेजूला म्हणाली, "आई आली बघ." 'आली'सुद्धा नीट, पुस्तकातल्यासारखं.

"रीमा आली होती का गं इथे? फोन घेऊन?"

"आली होती ना. दोन वेळा आली. बरी पोर हाय... आहे."

"तिने तुला विचारलं होतं? रेकॉर्ड करू का म्हणून?"

"इचारलं की."

"कधी?"

"चा झाल्यावर." आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परगावची. "दारात उभं राहून कोन इचारतं का, बोलता का म्हनून? पहिला बसायचं. इकडचं तिकडचं बोलायचं. चा प्यायचा. मंग निघताना म्हनाली, आजी, हे कालेजात लावू का? मी म्हटलं, लाव."

म्हणजे परवानगी होती. फोन बंद झाल्यावर दिली होती. आणि मला आईने सांगायची गरजही नव्हती. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला दारातच कामाचं विचारलं तर ते अपमान समजतं. तुमच्याशी बोलायला नाही, कामाला आलोय, असं होतं ते. त्या बारा घरांत तसंच झालं असणार. मुलांनी आधी चहा घेतला असणार. हे ऋतिकाला कळणं शक्य नव्हतं. मला कळत होतं.

मी वहीतलं एकही नाव खोडलं नाही.

शनिवारी बैठकीत आम्ही तिघीच होतो. वसुंधरामॅडमनी नकाशाचं कौतुक केलं, प्राचार्यांनाही आवडल्याचं सांगितलं. मी वही उघडली.

"मॅडम, एक गोष्ट होती. बारा रेकॉर्डिंग्जमध्ये परवानगीच नाही. सूचनेत स्पष्ट लिहिलंय. उद्या कोणाच्या घरचं कोणी येऊन विचारलं, की आमच्या आईचा आवाज फळ्यावर कसा..."

आमच्या आईचा. हे माझ्याच तोंडून आलं. कोणाच्या लक्षात आलं नाही.

ऋतिका वही आपल्याकडे ओढून नावं वाचत गेली. कान लाल झाले तिचे. "मुलं म्हणाली, विचारलंय. मी... तपासायला हवं होतं. चूक माझी." बस. एवढंच. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

वसुंधरामॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तंत्रज्ञान वापरायचं तर हे सांभाळलंच पाहिजे. बारा परत करून घ्या, तोवर नकाशा बंद. आणि पेपर आतापासूनच परत स्वप्नाकडे जाऊ दे. अनुभव तो अनुभव."

बाहेर आल्यावर ऋतिका माझ्या मागे आली. मला वाटलं, आता बोलेल. तिने लॅपटॉप उघडला.

"तुम्हाला नकाशाची मालकी देते, मॅडम. हे असं दाबलं की आवाज बदलता येतो. हे असं, की पिन निघते. जमेल ना?"

"जमेल."

"ती गिरीजची आजी..." ती थांबली. "मी चार वेळा ऐकलंय ते. घागर बोलली पायजे. आमच्याकडे सगळे बातम्यांसारखं बोलतात हो. आई, बाबा, मी. असं काही माझ्याकडे असतं ना, तर मी रोज मिरवलं असतं." मग हसून म्हणाली, "तिच्या मुलीचा जरा रागच आला मला. चुका काढते म्हणे."

मी लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिले.

पुढच्या आठवड्यात अकरा मुलांनी अकरा आवाज परत आणले. त्यांना काय करायचं ते ऋतिकाने सांगितलं नव्हतं, मी सांगितलं होतं: आधी चहा प्या, मग फोन चालू करा, मग विचारा. नथूआजोबांनी तर परवानगी देताना मुलाला, सुनेला आणि ग्रामपंचायतीला उद्देशून भाषणच केलं. बारावी राहिली.

"मॅडम, आजी नको म्हणाल्या," रीमा म्हणाली. ती माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हती. तिला सगळं माहीत होतं, शेजारीच तर राहते. "म्हणाल्या, आता सपना शिकवते ना? मग नको."

त्या दिवशी मी आईकडे गेले तेव्हा आधी बसले. इकडचं तिकडचं बोलले. चहा प्यायले. तेजू माझ्या मांडीवर चढून माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र चावत होती. मग मी विचारलं.

"आई, ते घागरीचं परत सांगशील? कॉलेजसाठी."

"नको."

"रीमाला सांगितलंस की."

"रीमा वेगली."

"मी काही म्हणणार नाही गं. नुसतं ऐकेन."

आईने रिकामे कप उचलले. "मार्क कोन देनार त्याला?"

"मीच. पण ते रीमाला, तुला नाही."

"तेच ना." ती आत गेली. आतून नळाचा आवाज आला आणि मग आईचा: "लहानपनी तू मना म्हनालीस, शालेत येताना बोलू नको, बाकीच्या पोरी हसतात. मी नाय बोलले. दहावीपर्यंत गेटवर उभी राहिले मुक्यासारखी. आता म्हनतेस बोल. मी काय नल हाय?"

मला ते आठवत नव्हतं. म्हणजे आठवत होतं, आठवायचं नव्हतं.

कप धुऊन ती बाहेर आली, माझ्याकडून तेजूला घेतलं आणि केळीच्या वाफ्यांकडे निघाली. तिथे तिने तिला काहीतरी सांगायला सुरुवात केली. मला नुसता आवाजाचा चढउतार ऐकू येत होता. मी ओट्यावर बसून राहिले. उठून जवळ गेले असते तर तिने बोलणं बदललं असतं, हे मला ठाऊक होतं. दहा महिन्यांच्या स्वतःच्या लेकीचा एवढा हेवा कोणाला वाटत असेल का, माहीत नाही. मला वाटला.

सोमवारी मी वर्गात नकाशा उघडला. चाळीस पिना होत्या. ऋतिका मागच्या दाराशी उभी होती; वसुंधरामॅडमनी तिला माझा तास बघायला पाठवलं होतं की ती आपणहून आली होती, मी विचारलं नाही. मी अर्नाळा लावलं, आगाशी लावलं. मुलं ऐकत होती, पण सारखी नकाशाच्या खालच्या बाजूला बघत होती.

"मॅडम, गिरीज कुठे गेलं?" अल्पेशने विचारलं.

"परवानगी मिळाली नाही," मी म्हणाले आणि पुढच्या पिनवर बोट ठेवलं.

"पण रीमाने तर विचारलं होतं!"

रीमा बाकावर नखाने रेघा ओढत होती. बोट फळ्यावर तसंच राहिलं माझं; खाली कोणाची तरी आजी बोलायला लागली होती, मी ती बंद केली.

"रीमाला मिळाली होती," मी म्हणाले. "मला नाही मिळाली. ती माझी आई आहे."

मागे ऋतिका दाराला टेकली होती, ती सरळ उभी राहिली. वर्गात पंखा तेवढा ऐकू येत होता. कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

"का नाही दिली, मॅडम?" पहिल्या बाकावरून कोणीतरी विचारलं. मग आणखी कोणीतरी, "का हो?"

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. कुठून सांगायचं ते ठरवत होते, आणि कुठल्या बोलीत.

"मी शालेत जायची ना," मी म्हटलं, "तवा..."

कोणी हसलं नाही. रीमाने मान वर केली.