चार नंबरची रेघ

सुहासिनीने फूटपट्टी लावून पुन्हा मोजलं. चार नंबरच्या कागदावरची सर्वांत लांब रेघ अकरा मिलिमीटर भरली. पाच नंबरची सर्वांत आखूड रेघसुद्धा चाळीसची होती.

प्रश्न दहा होते आणि त्यांची उत्तरं फक्त तिला माहीत होती. पाच तज्ज्ञांनी एकच आकडा न देता रेघ मारायची होती: खरं उत्तर इथपासून इथपर्यंत कुठेतरी असेल. आपल्याला काय कळत नाही हे ज्याला कळतं, त्याची रेघ दहांपैकी नऊदा तरी खरं उत्तर पकडते. पाच नंबरने नऊदा पकडलं होतं. चार नंबरने दोनदा.

कागदांवर नावं नव्हती, आणि आपला नंबर कोणता हे तज्ज्ञांनाही सांगितलेलं नव्हतं. चार म्हणजे शरच्चंद्र देवस्थळी, हे ती एकटीच जाणत होती. समितीचे अध्यक्ष, आणि तीस वर्षांपूर्वीचे तिचे गाईड. बारा वर्षांपूर्वीच्या अहवालातही त्यांच्या रेघा अशाच होत्या. तेव्हा तिने सगळ्यांची सरासरी घेऊन विषय मिटवला होता. यंदाचा निकाल तीन आठवडे तिच्या कपाटात पडून होता.

अणुभट्टीत अपघात झाला तर किरणोत्सार गवतातून गाईंच्या दुधात उतरतो. किती किलोमीटरपर्यंतचं दूध बंद करायचं, ते याच तज्ज्ञांच्या अंदाजांवरून ठरणार होतं. देवस्थळींच्या मते पंधरा. पाच नंबरच्या मते चाळीससुद्धा. मधल्या गावांतली मुलं ते दूध पिणार की नाही, एवढाच फरक.

साडेअकराला समितीच्या बैठकीत तिने तक्ता वाटला. नुसते नंबर आणि गुण.

"दहात दोन?" देवस्थळींनी चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, डोळे मिटून रेघा मारल्या तरी तीन येतील. हा चार नंबर कोण, ते शोधायला पत्रिका मांडायला नको."

सगळ्यांनी टेबलाच्या टोकाकडे पाहिलं. तिथे मच्छिंद्र काळभोर बसले होते. लोणी गावचे. चारा संशोधन केंद्रात सव्वीस वर्षं गवत कापून, वाळवून, मोजून निवृत्त झालेले. समितीत डॉक्टरेट नसलेले एकटेच.

"काळभोर, गवत कापणं वेगळं आणि अंदाज बांधणं वेगळं."

"हाय साहेब. म्हणून जितं ठाऊक न्हाई, तितं तसंच लिवलं."

"म्हणजे सगळीकडेच!"

कोणीतरी हसलं.

"सर, नंबर उघड करायचे नाहीत असं ठरलंय," सुहासिनी म्हणाली.

"मी कुठे केला? मी नियम विचारतोय. इतके कमी गुण आले तर काय करायचं?"

"त्या तज्ज्ञाचं वेटेज शून्य. त्यांचे आकडे अहवालात धरायचे नाहीत."

"उत्तम. लिही मिनिट्समध्ये. चार नंबर बाद. मान्य असेल त्यांनी हात वर करा."

देवस्थळींचा हात सर्वांत आधी वर गेला. सर्वांत शेवटी काळभोरांचा. मग त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला, पिशवी उचलली आणि ते उठले.

"निघालात? बरोबर आहे," देवस्थळी म्हणाले. "आत्ता निघालात तर एकची बस मिळेल."

सुहासिनीने टोपण लावून पेन खाली ठेवलं.

"मच्छिंद्रराव, बसा," ती म्हणाली. "सर, चार नंबर तुम्ही आहात."