स्क्रूवरची लाल रेघ

टायरवाल्याने सबवूफर काउंटरवर असा आपटला की बिलबुक खाली पडलं. त्याच्या शेजारी त्याने ॲम्प्लिफायरही आदळला.

"तीन आठवडे! तीन आठवड्यांत ह्याची वाचा बसली. फुकट करून द्या, नाहीतर तुमच्या दारात टायर जाळतो."

मी मागच्या बाकावर होते. वास मला तिथूनच आला. कॉइलवरचं वार्निश जळलं की येणारा तो कडवट वास एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही. सहाशे वॉटचा स्पीकर सहाशेवर चालवला तर असा जळत नाही. कोणीतरी ह्याला दुपटीने ताकद चारली होती.

"बसवला कोणी?" सासऱ्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून विचारलं. दुकान त्यांचं. हात कापायला लागल्यापासून ते काम करत नाहीत, फक्त बघतात.

"कोणी म्हणजे? हिनेच," मोठे दीर म्हणाले. "महिन्यातला हा तिसरा."

ते ह्याचीच वाट बघत होते. सासऱ्यांनी कॉइल गुंडाळायचं काम मला शिकवलं, पोटच्या पोराला नाही, हे सात वर्षं झाली तरी त्यांच्या घशाखाली उतरलेलं नाही. खरं तर शिकवायला आधी त्यांनाच घेतलं होतं. दोन दिवस तारा तोडल्या आणि तिसऱ्या दिवशी साहेब काउंटरवर जाऊन बसले. माझा नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. त्यामुळे मला बोलायला ह्यांना रान मोकळं.

"मी सहाशेवरच लावला होता," मी पुढे येत म्हटलं. "वर रेघ मारली होती."

आवाजाची ताकद ठरवणारा एक बारीक स्क्रू ॲम्प्लिफायरवर असतो. तो लावून झाला की आम्ही त्यावर नेलपॉलिशची रेघ ओढतो, अर्धी स्क्रूवर, अर्धी डब्यावर. स्क्रू फिरवला की रेघ मोडते. मोडलेली असली तर चूक गिऱ्हाइकाची, अखंड असली तर बसवणाऱ्याची. हा नियम सासऱ्यांचा, आणि त्यातून त्यांनी स्वतःलाही कधी सोडलं नाही.

दिरांनी ॲम्प्लिफायर उचलून सगळ्यांसमोर धरला. "ही बघा रेघ. अखंड!"

लाल रंग जागच्या जागी होता.

"आता का दातखीळ बसली? बाबा, हिला अजून किती दिवस डोक्यावर घेऊन नाचणार? उद्यापासून बाकावर दुसरा माणूस बसवू. मी बघून ठेवलाय."

बघूनही ठेवला होता! 

सासऱ्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "पहिल्या दोन वेळा मी बोललो नाही. पण नियम तो नियम. बाक रिकामा कर, पोरी."

शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. ते 'पोरी' मात्र वर्मी लागलं. त्या बाकाशिवाय मला त्या घरात दुसरी जागा नव्हती. स्वयंपाकघर जाऊबाईंचं, काउंटर दिरांचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दिरांच्या हातातून ॲम्प्लिफायर ओढून घेतला आणि दुकानाबाहेर उन्हात जाऊन उभी राहिले.

उन्हात तो लाल रंग चमकला. बारीक चमकी होती त्यात. माझी बाटली सगळ्यात स्वस्तातली, घट्ट झालेली, चमकी तिच्या सात पिढ्यांत नाही. शिवाय मी सुईच्या टोकाने रेघ ओढते, आणि इथे चांगला ठिपका थापला होता.

आत आले तेव्हा दिरांचं जेवण घेऊन आलेल्या जाऊबाई खाली पडलेलं बिलबुक उचलत होत्या. दहाही नखं लाल, चमकीची. मी त्यांच्या बोटांकडे बघितलं, त्यांनी मुठी मिटल्या.

"वहिनी, हा रंग तुमचा."

"वा! चोरी पकडली की दुसऱ्यावर ढकला," दीर ओरडले. "असला रंग गल्लीत पन्नास जणींकडे असेल."

मी वाद घातला नाही. ॲम्प्लिफायर सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवला आणि ब्लेडने वरचा ठिपका हळूहळू खरवडला. चमकी पापुद्र्यासारखी निघाली. खाली माझी मळकी रेघ होती, मोडलेली. अर्धी डब्यावर, अर्धी स्क्रूबरोबर पाव फेरा पुढे गेलेली.

सासरे डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले. "पाव फेरा. म्हणजे बाराशेच्या वर."

आता भुर्दंड आपल्यावर येणार हे बघून टायरवाला दिरांवर उखडला. "अहो, तुम्हीच म्हणालात ना, कंपनी आकडा कमीच लिहिते, दुप्पट सहज झेपतं! ही जेवायला गेली असताना स्क्रू फिरवून दिलात. मोडलेल्या रेघेचं मी बघून घेतो म्हणालात!"

मग दिरांनी जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ते बायकोकडे वळले. "तुला कोणी सांगितलं होतं रंग फासायला? बाबा, हिचं आणि हिच्या जावेचं पटत नाही. हिनेच केलं असणार. मला काय माहीत?"

जाऊबाईंनी बिलबुक काउंटरवर ठेवलं. माझ्या लग्नानंतरच्या अकरा वर्षांत त्या माझ्या बाजूने एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"माझी बाटली ह्यांनीच दुकानात मागवली," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. "तिन्ही वेळा. ॲम्प्लिफायर मी धरला होता, स्क्रूड्रायव्हर ह्यांच्या हातात होता. अजूनही खिशात आहे."

सासऱ्यांनी कापता हात पुढे केला. दिरांनी इकडेतिकडे बघितलं, पण शेवटी स्क्रूड्रायव्हर काढून त्या हातावर ठेवला. सासऱ्यांनी तो माझ्या बाकावर नेऊन ठेवला आणि मुलाला म्हणाले, "काउंटरवरून ऊठ."

टायरवाल्याचा स्पीकर घेऊन मी बाकावर बसले. काळी पडलेली तार उलगडायला घेतली. थोड्या वेळाने जाऊबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"थिनर दे."

मी बाटली आणि चिंधी सरकवली. त्यांनी एकेक करून दहाही नखं पुसली, कातडी लाल होईपर्यंत.

"तुझ्यासाठी नाही बोलले," त्या म्हणाल्या. "तुझं तोंडही मला बघवत नाही."

"माहीत आहे."

"पण आज घरी मला त्यांच्याबरोबरच जायचंय," असं म्हणून त्यांनी चिंधी बाकावर टाकली आणि रिकाम्या काउंटरमागे जाऊन बसल्या.

मी जिंकले होते. तरी ती चिंधी उचलायला माझा हात होईना.