बोटाखाली थांबणारी अक्षरं

इंदिरानगरातल्या त्या मंगल कार्यालयाच्या दारात सकाळी नऊलाच चपलांचा ढीग पडलेला असे. आत व्यासपीठावर, एरवी जिथे नवरा-नवरी बसतात तिथे, पुरुषभर उंचीचा काळ्या काचेचा पडदा उभा होता. त्यावर शेंदरी अक्षरं उजवीकडून उगवत, सावकाश सरकत आणि डावीकडे मावळत. माणूस समोर उभं राहिलं की त्याचं नाव यायचं, गाव यायचं, दुखणं यायचं आणि मागोमाग उपाय. खरा चमत्कार त्याच्या पुढचा. भक्ताने बोट लावलं की धावती अक्षरं जागच्या जागी थांबत. पण श्रद्धा खरी असेल तरच. पापी माणसाच्या बोटाखालून ती तशीच निघून जात.

"लिहिणारा हात दिसतोय का कुणाला?" पडद्याशेजारी उभे असलेले अक्षरमहाराज विचारत. "नाही. कारण हा हात वरचा आहे. कागद नाही, शाई नाही, माउली. थेट वरून डाउनलोड."

लोक हसत आणि हसता हसता हात जोडत.

ज्योत्स्नाबाई या गर्दीत आल्या त्या भागीबाईमुळे. भागीबाई मूळची हरसूलकडची, बारा वर्षं त्यांच्याकडे धुणीभांडी करत होती. तिच्या अकरा वर्षांच्या निकिताला फिट यायची. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी ती वर्षभर थांबली होती. मग पडद्यावर अक्षरं आली आणि महाराजांनी ती वाचून दाखवली, ‘निकिता, गोळ्यांनी देव कोपतो, सोड.’ भागीबाईने गोळ्या मोरीत टाकल्या. आठवड्यात दोनदा फिट आली. दुसऱ्या वेळी पोरीची जीभ दातांखाली सापडली.

"डॉक्टरकडे चल," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"नाय बाई. म्हाराज म्हनले, जुना रोग बाहेर पडतोय. अजून एक मोठी यील, मंग संपलं."

एक मोठी येईल, हे ऐकताच ज्योत्स्नाबाईंनी चपला पायात सरकवल्या. "मग मलाही दाखव तुझे महाराज," त्या म्हणाल्या.

दारात ज्ञानेश नावाचा गोडबोल्या सेवेकरी टेबल मांडून बसला होता. नाव, गाव, त्रास विचारी आणि मोबाइलवर टिपून घेई. दवाखान्यात केसपेपर काढायची सवय झालेली माणसं सगळं निमूटपणे सांगत, आणि आत देवाने तेच सांगितलं की गहिवरून जात. दारातलं टेबल कुणाच्या ध्यानातही राहत नसे.

"आजी, त्रास काय?"

"थोरला मुलगा, ललित. दुबईला गेलाय, परत यायचं नाव घेत नाही."

भागीबाई चमकली. बाईंनी तिचा हात दाबला.

आत त्यांची पाळी आली. अक्षरं सरकू लागली, ‘ज्योत्स्ना, ललित पौर्णिमेच्या आत उंबरठा ओलांडेल.’

अक्षरांची ती चाल बाईंच्या ओळखीची होती. त्यांचे टायपिंगचे क्लास ओस पडू लागले तेव्हा, पंचवीस वर्षांपूर्वी, त्यांनी पन्नाशीत संगणक शिकून मुलींना वेबपानं करायला शिकवली होती. पहिल्याच दिवशी प्रत्येकीला एकच हवं असे, ‘सुस्वागतम’ पानभर धावलं पाहिजे. मार्की म्हणत त्याला. एक शब्द लिहायचा, पुढे मजकूर, की तो आपला धावत सुटे. दुसऱ्या दिवशी त्या शिकवत ते वाचणाऱ्याच्या सोयीचं, माउसचा बाण अक्षरांवर आला की ती थांबली पाहिजेत. मुली टाळ्या वाजवत. काय निर्मळ गंमत होती ती.

बाई मागे वळल्या. "भागीबाई, सांग सगळ्यांना. मला मुलं किती?"

बारा वर्षांत या विषयावर दोघी कधी बोलल्या नव्हत्या.

"सांग. मला वाईट नाही वाटणार."

"बाईंना लेकरूच नाय," ती खाली बघत म्हणाली.

सभागृहात कुजबुज उठली. महाराज हसले. "मागच्या जन्मीचा ललित, माउली."

"मागच्या जन्मीपण दुबईला विमान जायचं काय?" मागून कुणी म्हातारा बोलला.

महाराजांचा आवाज चढला. "मनात कपट आहे हिच्या. बघा, हिच्या बोटाखाली अक्षर थांबतं का." पडद्यावर एकाखाली एक दोन ओळी धावत होत्या. त्यांनी बाईंचं मनगट धरून बोट खालच्या ओळीवर टेकवलं. अक्षरं निघून गेली.

बाईंनी मनगट सोडवून घेतलं आणि बोट वरच्या ओळीवर ठेवलं. ओळ थांबली. उचललं, चालू लागली. पुन्हा ठेवलं, पुन्हा थांबली.

"मी आत्ता खोटं बोलले, तरी थांबली," त्या लोकांना म्हणाल्या. "वरच्या ओळीला थांबायला शिकवून ठेवलंय, खालच्या ओळीला नाही. कुणाला पापी ठरवायचं ते महाराज मनगट धरून ठरवतात. आणि तुमची दुखणी दारातल्या त्या मोबाइलवरून आत येतात."

पाचपंचवीस माणसं उठून गेली. उरलेली रांगेत पुढे सरकली. "म्हातारीला बाधा आहे," कुणीतरी म्हणालं.

रस्त्याने भागीबाई म्हणाली, "तुमचं खोटं असंल बाई. आमचं खरं असंल."

घरी येताच ज्योत्स्नाबाईंनी निकिताला बोलावून घेतलं आणि संगणक लावला. वेबपानाच्या चार ओळी लिहिल्या, मधली जागा मजकुरासाठी मोकळी ठेवली. "निकिता, इथे तुला हवं ते लिही."

पोरीने एका बोटाने एकेक अक्षर शोधत टाइप केलं. बाईंनी कळ दाबली. अक्षरं उजवीकडून उगवली आणि सावकाश सरकू लागली. भागीबाईला वाचता येत नव्हतं, पण सवयीने तिचे हात जोडले गेले.

"काय म्हनतोय देव?"

"देव नाय आई, मी लिवलंय," निकिता म्हणाली आणि तिने वाचून दाखवलं, "मला फिटची भीती वाटते. मला गोळी पाहिजे."

भागीबाईने जोडलेले हात सोडवले. तिने पदर खोचला, आणि त्याच दुपारी तिघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाई रागावल्या. गोळ्या एकदम बंद केल्या की फिट जास्त जोरात येते, कधी जीवही जातो, हे त्यांनी भागीबाईला समोर बसवून सांगितलं आणि तपासून गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

दोन दिवसांनी मंगल कार्यालय रिकामं दिसलं. ज्योत्स्नाबाईंना त्याचा आनंद झाला नाही. तो पडदा आता दुसऱ्या कुठल्या गावात उभा असेल, आणि तिथेही एखादी आई गोळ्या मोरीत टाकत असेल.

पडद्यावर येणारा प्रत्येक शब्द माणसानेच लिहिलेला असतो. तो औषध सोडायला सांगत असेल, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारावं, हे लिहिलं कुणी, आणि माझं दुखणं त्याला सांगितलं कुणी?