घडीचं टेबल

सरकारी दवाखान्याच्या धुलाईघरात बायकांची एक मुकी रीत होती. कुणाला दिवस गेले की तिने सांगायचं नाही, इतरजणींनी विचारायचं नाही. ओल्या चादरींची जड गाडी तिच्या हातून अलगद काढून घ्यायची आणि तिला घडीच्या टेबलाशी उभी करायची. तिथलं काम कोरडं, उबदार. पोटातल्या जिवाला सोसेल असं. भरपगारी रजेवर जाईपर्यंत ती तिथेच.

मग देशाने बाहेरच्या देशांशी व्यापाराचा करार केला, त्यात दवाखान्याची धुलाईही परक्या कंपन्यांना खुली झाली. ठेका घेऊन समुद्रापलीकडची कंपनी आली. बायका त्याच, यंत्रं तीच. रजेची पाटीसुद्धा भिंतीवर तशीच. पण नोकरी आता तिमाहीची, दर तीन महिन्यांनी नवी सही, आणि पोटुश्या बाईची तिमाही काही पुढे सरकत नसे. दवाखाना म्हणे, "कंपनीला विचारा." कंपनी म्हणे, "आम्ही काढलं कुठे? मुदत संपली."

धुलाईघरात दोघी जावा कामाला होत्या. धाकटीला दिवस गेले, तेव्हा थोरलीनेच तिला घडीला लावलं. त्याच दुपारी कंपनीची मुकादमीण आली. बायका तिला पाठीमागे साखरताई म्हणत. धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "जपून हं, ताई."

थोरलीने ते ऐकलं. नव्या सह्या परवावर आल्या होत्या. या साखरताईला सांगितलं कुणी?

तिने इस्त्रीवालीला गाठलं. "तू तिच्याबरोबर चहा पितेस."

"चहा पिते, पोटातलं ओकत नाही. तुझ्या दिराचं तोंड शिवलेलं आहे का, ते बघ आधी."

घरी जेवताना तिने दिराला विचारलं, "भाऊजी, कुठे बोललात?"

"वहिनी, या घरात मला बोलू देतं कोण?"

धाकटी हसली. थोरली हसली नाही. तिला आता भिंतीही कान टवकारून बसल्यासारख्या वाटत होत्या.

दुसऱ्या दिवशी एकीचं मनगट लचकलं, म्हणून तिलाही घडीला लावलं. लेकीचं लग्न उरकलेली बाई ती. साखरताई आली, गोड हसली. "तुम्हीपण? अभिनंदन."

"अगं बाई, आता नातवंडांच्या पंगतीला का बसू?" ती म्हणाली, तशा सगळ्या खळखळून हसल्या.

थोरलीचं हसू मात्र ओठातच राहिलं. कुणीच सांगितलं नव्हतं. मायेने ज्या जागी उभं केलं, ती जागाच चहाडी करत होती.

धाकटीलाही ते उमजलं. टेबल सोडून तिने ओल्या गाडीची मूठ धरली. "मला ओढू द्या, जाऊबाई. नोकरी गेली तर बाळाला घालू काय?"

"आणि बाळच गेलं तर?"

थोरलीने त्याच मुठीवर आपला हात ठेवला. भार सगळा स्वतःच्या अंगावर घेतला. गाडी हलली. इस्त्रीवालीने ते पाहिलं, इस्त्री उभी केली आणि शेजारची गाडी दुसरीच्या जोडीने धरली. मग तिसरीही गाडी दोघींनी. घडीच्या टेबलाशी कुणीच उरलं नाही.

साखरताई दारात थबकली. "दोघी दोघी कशाला?"

"चाकं जड झालीत, ताई," थोरली म्हणाली. "कंपनीला कळवा."

साखरताईची नजर एकीच्या एप्रनवरून दुसरीच्या एप्रनवर फिरत राहिली. गाड्या तिच्यासमोरून गेल्या. कोण ओढतंय आणि कुणाचा हात नुसता मुठीवर आहे, ते तिला कळेना.