खुराड्याची काच

मोर

समाजमंदिराच्या भिंती खांद्याएवढ्याही झाल्या नव्हत्या, तेवढ्यात हैबतराव सरपंचांनी पुण्याहून काचेचा मोर आणला. निळाशार, पिसारा फुलवलेला, एका पायावर. पिरंगुटला एस.टी.तून उतरून भरे गावापर्यंत त्यांनी तो बैलगाडीत मांडीवर घेतला होता. खाचखळगा आला की बैलांवर नव्हे, मोरावर ओरडायचे, की हलू नकोस. हा मोर पूर्वेच्या खिडकीत बसणार आणि सकाळच्या उन्हात रस्त्यावरून जाणाऱ्यानं थांबून बघावा असा पेटणार, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आता पेटणार हा शब्द त्यांचाच.

शेळ्या

ती पूर्वेची खिडकी ज्या खोलीची, ती खोली सगुणाबाईंच्या बालवाडीला मिळायची होती. तोवर बालवाडी भैरू सुताराच्या छपरीत भरे. अर्ध्यात पोरं, अर्ध्यात शेळ्या. शेळ्यांनी आतापर्यंत हत्तीचं चित्र, घड्याळाचं चित्र आणि एका पोराची टोपी खाल्ली होती. सगुणाबाई सातवी पास झालेली, सासऱ्यांशी दोन वर्षं अबोला धरून बालवाडी मिळवलेली बाई. पण शेळीसमोर तिचं काही चालत नसे. नव्या खोलीला दार होतं. दाराला कडी होती. ती रिकाम्या खोलीत जाऊन ती कडी उगाच लावून बघायची.

अडचण एवढीच, की खोलीला खिडकी एकच, आणि त्या खिडकीपुढे दोन पावलांवर वाल्मीकच्या दुकानाचं रॉकेलचं कोठार. पौडचे ओव्हरसियर तपासणीला आले, त्यांनी पिंपं पाहिली, खिडकी पाहिली, आणि म्हणाले की कोठार हलवा. कोठार हलेना, कारण वाल्मीक सरपंचांचा साडू. मग ओव्हरसियर म्हणाले की खिडकी विटांनी बुजवा, नाही तर तिला पोटात तारेची जाळी असलेली काच बसवा. आग लागली तर ती काच फुटेल, पण जागा सोडणार नाही. पुढच्या खेपेला त्यांनी तसली एक काच गोणपाटात गुंडाळून आणलीसुद्धा.

गावानं ती पाहिली. चौकोनी चौकोनी तार. कोणी म्हणालं तुरुंग, कोणी म्हणालं पिठाची चाळण. भैरूनं जवळ जाऊन वास घेतल्यासारखं केलं आणि आत कोंबडी दिसत नाही म्हणाला. त्या दिवसापासून तिचं नाव खुराड्याची काच.

हैबतरावांना ते नाव जिव्हारी लागलं. त्यांच्या इमारतीला खुराडं?

"हे बघा मास्तरीणबाई," ते म्हणाले, "मोर, न्हाई तर वीट. खुराडं न्हाई."

वीट म्हणजे अंधार. अंधार म्हणजे पोरं रडणार, पोरं रडली की आया घरी नेणार, आणि बालवाडी पुन्हा शेळ्यांत. सगुणाबाईंनी पदर सारखा केला.

"मग आबा, शिमग्यालाच ठरू द्या की. होळी हायच पेटणार. दोनी काचा तितं लावू."

हैबतरावांनी तिथल्या तिथं मान्य केलं, आणि नियमही सांगितला: जिला आधी तडा, ती हरली. सगुणाबाई व्हय म्हणाली. घाईघाईत म्हणाली.

होळी

दिवेलागणीची वेळ. भैरूनं होळीच्या एका अंगाला कच्च्या विटांची भिंत उभारून तिच्यात दोन चौकटी बसवल्या होत्या. एकीत खुराड्याची काच. दुसरीत मोराच्याच दुकानातली, मोराच्याच जाडीची निळी काच; प्रत्यक्ष मोर घरी गादीवर निजला होता. ओव्हरसियर पुरणपोळीच्या बोलीवर पंच म्हणून आले होते.

हैबतरावांनी आपला गुलाबी पटका काढला आणि निळ्या काचेमागे खुंटीवर अडकवला. एवढा भरवसा. मग सगुणाबाईंनाही काही तरी ठेवणं आलं. तिनं बालवाडीची लाकडी बाहुली, ठकी, आणून जाळीच्या काचेमागे उभी केली. पोरांनी ठकीला टाटा केला. एक पोरगी रडायला लागली.

होळी पेटली. नैवेद्य पडला. वारा नदीकडून होता, जाळ वाकून भिंतीला चाटायला लागला, आणि सगुणाबाई काचेकडे बघत असतानाच टच्

*

तडा.

*

असा आवाज आला. खुराड्याच्या काचेला. वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत, मग आडवा, मग कोळ्याच्या जाळ्यासारखा सगळीकडे. निळी काच नितळ उभी.

सगळ्या गावानं तिच्या नावानं बोंब ठोकली. शिमगाच तो, कोणाला अडवणार? ओव्हरसियर काही सांगू पाहत होते, पण बोंबेत त्यांचं तोंड नुसतं हलताना दिसत होतं. सगुणाबाईंच्या डोळ्यांपुढे विटा येऊ लागल्या, एकीवर एक, एकीवर एक.

हैबतराव होळीकडे पाठ करून दगडावर चढले. ते बोलू लागले की पुण्याची काच ती पुण्याची काच, की गावाची शोभा ही काय चीज आहे, की मोर उद्याच्या उद्या

खळ्ळकन.

निळी काच एकदम खाली आली. अख्खी. चौकटीतून हातभर जाळ बाहेर झेपावला आणि खुंटीवरचा पटका घेऊन परत गेला. शेजारची काच शंभर जागी फुटलेली, काळवंडलेली, वेडीविद्री. पण होती तिथंच होती. तिच्यामागं ठकी उभी.

बोडक्या डोक्याच्या सरपंचांकडे आता कुठं गावाचं लक्ष गेलं. ते दगडावरून उतरले नाहीत.

"नियम म्हंजे नियम," ते म्हणाले. "आधी तडा खुराड्याला."

"व्हय," भैरू म्हणाला, "पर पटक्याला इचारलंत का?"

पहिलं हसू ओव्हरसियरांना फुटलं. मग कोणालाच आवरेना. हैबतराव मात्र आपल्या चौकटीकडे बघत राहिले. मोकळी चौकट, पलीकडे नुसता जाळ. त्यांची नात त्या बालवाडीत जायची. मघाशी रडलेली ती तीच. ते उतरले, भैरूच्या खांद्यावरचा पंचा ओढून डोक्याला गुंडाळला, आणि सगुणाबाईंकडे न बघता म्हणाले,

"बसवा तुमचं खुराडं."

नाक

जाळ उतरल्यावर सगुणाबाईंनी ठकी उचलली ती सोडूनच दिली, इतकी ती तापली होती. नाकावरचा रंग फुगून फोड आला होता. म्हणजे काचेनं जाळ अडवला, पण धग अडवली नव्हती. हे तिला कोणी विचारलं नव्हतं आणि तिनं गप्प राहायला हरकत नव्हती. ती गप्प राहिली नाही. खिडकी उंचावर घ्या म्हणाली, पोरांच्या चटया पलीकडच्या भिंतीला टाकीन म्हणाली, आणि एवढं करूनही कोठार हललं तर बरंच म्हणाली. शेवटचं वाक्य तिनं सरपंचांच्या डोक्यावरच्या पंच्याकडे बघून म्हटलं.

पावसाळ्याआधी कोठार हललं. साडू आठ दिवस सरपंचांशी बोलला नाही.

तरी तसलीच नवी काच बसलीच. सकाळी तिच्यातून ऊन आत येतं आणि जमिनीवर तारेचे फिकट चौकोन पडतात. पोरं आपापला चौकोन धरून बसतात, ऊन सरकलं की तीही सरकतात, आणि भांडतात. मोर आतल्या दारावर आहे. घरी कोणी विचारलं कुठं चाललास, तर पोरं सांगतात, खुराड्यात.

सगुणाबाई आत शिरते आणि कडी लावते. बाहेर एक शेळी उभी असते.